मारियामाता, बाया अन् माहा ऑटो

मले लिहाले लावू नका, असं मी सिस्टरले साफ सांगितलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. ऑटो चालवतो. पण चर्चच्या सणाचं पुस्तक निंघून राह्यलं अन् सिस्टर मांगंच लागली. म्हणे, "काका, तुम्ही आमच्या बायांना इतकी वर्षं नेता-आणता. तुमच्याजवळ किस्से असतीलच."

असतील नाई तं काय! सीटखाली शेंगाची टरफलं जमते, तसे जमले. किती झाडा, कोपऱ्यात उरतेच.

मी म्हटलं, लिहितो. पण तुमच्यातल्या एका बाईनं मले चारचौघात चोर म्हटलं अन् आजवर माफी नाई मागितली, ते बी लिहीन. सिस्टर म्हणे, "लिहा." आता छापा म्हणा!

तं मी वणीचा. दर रविवारी खाणीच्या कॉलनीतून या बायाईले चर्चले नेतो. मी त्याईच्या धर्माचा नाई. आमची कुलदेवी माहुरची रेणुका. पण रविवारी सकाळी माह्या ऑटोत दुसरं कोणी बसत नाई, अन् बसलं तं या बाया बसू देत नाई.

*

एकदा चौकात पोलिसानं गाडी अडवली. गाडीत बाया जास्त झाल्या होत्या, हे मले बी दिसत होतं. पण उतरवू कोणाले? सगळ्या मिस्साले, म्हंजे चर्चच्या रविवारच्या प्रार्थनेले, निंघालेल्या.

त्यात मरियम्मा होती. ही तेलंगणाकडची, नवरा खाणीत कामाले होता, आता नाई. आवाज असा का ट्रकचा हॉर्न बरा. तिनं पोलिसाकडं पाह्यलं, थैलीतून माळ काढली अन् प्रार्थना सुरू केली. मांगून सगळ्या सुरू.

पोलीस बिचारा चांगला माणूस. त्यानं टोपी काढली, हात जोडले. प्रार्थना झाली का पावती फाडू, असा त्याचा हिशेब. पण माळ किती लांब असते, ते त्याले काय माहीत! एक मणी, दुसरा मणी. टपरीवरचा त्याचा चहा निवून गेला. मांगं ट्रकची लाइन लागली. शेवटी त्यानं टोपी घातली अन् ओरडला, "जा वं माय, जा! बाकीचं तिकडं म्हणा!"

मरियम्मा म्हणे, "काय घाई करते हा! अजून अर्धी पण नाही झाली."

*

ईस्टरच्या आधी याईचा मोठा उपासाचा काळ असते. शुक्रवारी मटण बंद, अन् प्रत्येकीनं आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची.

फिलोमिना टीचरनं चहा सोडला. ही शाळेतून रिटायर झालेली, महिला मंडळाची मुख्य. शाळा सुटली, पण पट्टी हातातून सुटली नाई. चहा बंद झाला तशी ती अशी तडकाले लागली का गाडीत कोणी खोकललं तरी वळून पाहे. मले म्हणे, "हॉर्न वाजवायला शिकवलं नाही का तुम्हाला?" मी तं वाजवलाच नव्हता!

मंग एका रविवारी सगळ्या बाया तिच्यापुढं हात जोडून उभ्या. "टीचर, तुम्ही चहा घ्या. तुमच्या बदल्यात आम्ही सोडतो."

मरियम्मानं त्या वर्षी सुनेले बोलणं सोडलं होतं. सून घाबरून सिस्टरकडं गेली. म्हणे, "सासूबाई दोन दिवसांपासून काहीच म्हणत नाही. दवाखान्यात नेऊ का?"

*

मंग आमच्या बुढीचा, म्हंजे माह्या बायकोचा, पाय मोडला. ती अंगणात घसरली अन् खाटेवर पडली. दुसऱ्याच दिवशी मरियम्मा दारात. हातात कढीचा डबा.

मी दारातच अडवलं. म्हटलं, "बाई, डबा द्या. पण माह्या घरात तुमची प्रार्थना नको. तिचा देव येगळा हाये."

"नाही करत, दादा. पाय दाबते फक्त."

ती बसली अन् दुसरा, चांगला पाय दाबू लागली. मी दारातून पाहून राह्यलो, तं तिचे ओठ हलून राह्यले! मी बुढीले खूण केली.

बुढी म्हणे, "हलू द्या ना. तुमचे बी हलते दिवसभर. त्यानं कोणाचा पाय बरा झाला?"

बुढी हळूहळू काठीवर चालाले लागली. मरियम्मा येतच राह्यली. मी अडवणं सोडून देल्लं.

*

आता मूर्तीचं सांगतो.

ऑक्टोबरात मारियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एक रात्र एका घरी. संध्याकाळी बाया जमते, माळ म्हणते, अन् दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. त्या दिवशी मूर्ती टीचरच्या घरून मरियम्माकडं जायची होती. टीचरले चर्चमध्ये काम होतं. तिनं मूर्ती शालीत गुंडाळून माह्या मांगच्या सीटवर ठेवली अन् म्हणे, "सरळ मरियम्माकडे न्या."

मी सरळच निंघालो. माहं घर रस्त्यातच लागते. गाडी दारात लावली, मोरीत हातपाय धुतले, चहा घेतला अन् निंघालो. मांगं वळून कायले पाहू? मूर्ती काय उतरून जाते?

मरियम्माच्या दारात बाया मेणबत्त्या लावून उभ्या. टीचर बी पोहोचलेली. शाल उचलली, तं नुसती शालच!

एरवी याईची सुई हरपली तरी संत अंतोनीले हाक मारते. हरपलेलं सापडवाचं काम त्याचं. त्या दिवशी टीचरनं संताले तकलीफच नाई देल्ली. सिधं माह्याकडं बोट केलं. "यांनीच नेली! चोर आहे हा माणूस!"

सगळी गल्ली ऐकून राह्यली होती. जिथं मी जिंदगीभर गाडी चालवली, तिथं! मी गाडी वळवून घरी आलो.

अन् घरी पाह्यतो तं काय! देवाच्या फळीवर, रेणुकेच्या बाजूले, मारियामाता. कपाळाले हळद-कुंकू. पुढं खणा-नारळाची ओटी. समई लागलेली.

बुढी माह्यावरच भडकली. "दिवे लागणीच्या वक्ताले बाई दारात आली, अन् तिले गाडीत बसवून तुम्ही चहा ढोसता? लाज नाई वाटत? मीच काठी टेकत गेली अन् घरात घेतलं तिले."

"अवं, मले सांगाचं तरी!"

"दिवा लावू का तुमच्या मांगं पळू?"

मी निरोप धाडला. सगळ्या बाया आल्या. टीचरनं कुंकू पाह्यलं अन् पदर घेऊन पुसाले निंघाली. मरियम्मानं तिचा हात धरला. "टीचर, राहू दे. पाय मोडलेल्या बाईनं उचलून आणलं आईला. आज आई इथंच राहील."

त्या रात्रीची माळ माह्या घरी झाली. टीचर पुढंच बसली. माह्या घरचा चहा प्याली, दोनदा. चोर म्हटल्याचं नाव नाई!

*

मंग नाताळ आला. त्याच्या आधी या बाया पापं कबूल कराले फादरकडं जाते. मीच नेल्लं. मी बाहेर निंबाखाली गाडीत बसून होतो. टीचर बाहेर आली ते हसतच. इतक्या वर्षांत मी तिले हसताना पाह्यलं नव्हतं.

म्हणे, "दादा, आज मन हलकं झालं. तुम्हाला चोर म्हटलं होतं ना, ते फादरना सांगून टाकलं. माफी मिळाली!"

"कोणाची?"

"देवाची."

"अन् मी? मी तं इथंच बसून होतो!"

तिनं पदर सावरला, गाडीत बसली अन् म्हणे, "चला, उशीर होतोय."

सिस्टरनं आता हे वाचलं. म्हणे, "काका, सगळं छापते, फक्त नाव काढा."

नाई काढत. मांगच्या सीटवर उजव्या हाताले बसते, येत्या रविवारी बी बसन. फिलोमिना टीचर.