फोटो होईपर्यंतची भेट

हिवाळी अधिवेशनात नागपुरात इतके नेते येतात की, वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला त्यांचं अप्रूप आठवडाभरही टिकत नाही. मी कामाला लागले तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. कामाची सोय म्हणून प्रत्येकाची सवय ध्यानात ठेवायचे. एक जण चष्मा काढल्याशिवाय फोटो देत नसत. एकांना डावीच बाजू हवी असे. एक ज्येष्ठ नेते "जेवलीस का?" असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जात. निवेदन घेताना मात्र सगळे सारखेच. कागदाला एक हात त्यांचा, एक देणाऱ्याचा, नजर कॅमेऱ्याकडे. फ्लॅश पडला की कागद पीएकडे आणि भेट संपली.

हे फक्त आम्हा छायाचित्रकारांनाच कळतं, असं मला वाटे.

त्या दिवशी खाप्याकडच्या शाळांत खिचडी शिजवणाऱ्या बायांचा मोर्चा होता. यापुढे खिचडी ठेकेदाराच्या स्वयंपाकघरातून येणार होती; यांचं काम बंद. पोलिसांनी मोर्चा अडवला आणि नेहमीप्रमाणे तिघींचं शिष्टमंडळ मंत्र्यांच्या बंगल्यावर नेलं. सोबत मी एकटीच; बाकीचे छायाचित्रकार विधानभवनाच्या पायऱ्यांवर होते. बायांना निवेदनावर मंत्र्यांचा शेरा हवा होता: 'निर्णयाला स्थगिती द्यावी', आणि खाली सही. तेवढ्यावर तालुक्यातले अधिकारी थांबले असते.

व्हरांड्यात त्यांची पुढारीण माझ्याजवळ सरकली.

"बाई, फोटो लवकर नोको काढू वं."

"का?"

"मागच्या साली आल्या आल्या काढला. साहेब उठूनच गेले. मले तोंड उघडू देल्लं नाही."

आत गेल्यावर मी लेन्स बदलली. मग पुसली. मग बॅटरी काढून पुन्हा घातली. मंत्री कागद धरून हसरा चेहरा करून बसले होते, पुढारीण बोलत होती.

"मॅडम, कॅमेरा आजच घेतला का?" पीएने विचारलं.

"थंडीने गारठलाय," मी म्हणाले.

"मुंबईचा असेल," मंत्री म्हणाले. सगळे हसले.

हसू ओसरलं आणि दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ते ऐकू लागले.

"ठेकेदाराची खिचडी गावात येईपर्यंत थंडी होते, साहेब. तुमच्या घरी चालते का थंडी?"

"नाही चालत," मंत्री म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समासात लिहायला लागले.

माझी वाट पाहून पीएचा धीर मात्र संपला होता. त्याने मोबाइल काढला, वाकला, फोटो घेतला. "झाला, साहेब. पुढचे लोक थांबलेत."

मंत्र्यांनी पेनला टोपण लावलं. त्यात लबाडी नव्हती, निव्वळ सवय होती. ते उठले, नमस्कार केला, कागद पीएकडे गेला.

"साहेब, सही राहिली," पुढारीण म्हणाली.

"होऊन जाईल," पीए म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तू चाल. साहेब लिहून राहिले होते, हे रस्त्यावरच्या बायायले सांग. माह्यावर त्यायचा भरोसा नाही."

आम्ही रस्त्यावर बसलेल्या बायांपर्यंत पोचलो, तोवर पीएचा फोटो मोबाइलवर फिरला होता. हातात पेन, पुढे निवेदन, चेहऱ्यावर हसू. खाली 'मागणी मान्य'. पुढच्या रांगेतल्या एकीने ते वाचून दाखवलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

"नोको वाजवू," पुढारीण म्हणत होती. मागच्या रांगांपर्यंत तिचा आवाज पोचत नव्हता. काही बाया घरी जायला पिशव्या उचलू लागल्या.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला: टाळ्यांचा फोटो लगेच पाठव.

मी फोन बंद केला, दुभाजकावर चढले आणि मोठ्याने सांगितलं, "मान्य झालेलं नाही. सही झालेली नाही. मी आत होते."

टाळ्या थांबल्या. पिशव्या उचललेल्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या एकीने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग मोबाइलवरच्या फोटोकडे.

"आन् तुले कोणी पाठवलं वं?" तिने विचारलं.