दर रोज्याला एक नाव

सितारा बाईंवर मी आयुष्यात एकदाच ओरडले. तेही रमजानात, त्यांच्याच घरात, त्यांच्या सुनेसमोर. त्याची मला अजून लाज वाटते, आणि अजून वाटतं की बरंच केलं.

बाई मूळच्या अकोल्याच्या. घरात उर्दू, शिक्षण मराठीत. वलगावच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं आम्हा भाजीवाल्या-फुलवाल्यांच्या पोरांना मराठी शिकवलं. मधल्या सुट्टीत त्या तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत नमाज पढायच्या, आणि तेवढी दहा मिनिटं आम्ही व्हरांड्यात दंगा करायचो नाही. कुणी सांगितलं नव्हतं. एरवी आम्ही काही गुणाची पोरं नव्हतो.

माझे वडील, सहदेव, झेंडू लावायचे. दसऱ्याआधी चार दिवस मला शाळा नाही, हे घरात ठरलेलंच. मी पाचवीत असताना बाई भल्या सकाळी वावरात हजर! पदर खोचला, टोपलं घेतलं आणि माझ्या ओळीतली अर्धी फुलं स्वतः तोडली. मग वडिलांना म्हणाल्या, "सहदेवभाऊ, झाली इची ओळ. आता नेतो इले शाळेत." चार दिवस हेच चाललं. पुढच्या वर्षीपासून वडिलांनी मला घरी ठेवलंच नाही. आज मी तिवस्याला शिक्षिका आहे ती त्या चार सकाळींमुळे.

बाईंची एक वही होती. रमजानात दर रोज्याला त्या एका विद्यार्थ्याचं नाव घ्यायच्या. दिवसभर अन्नपाणी नाही, आणि संध्याकाळी रोजा सोडताना दुआ मागायची ती त्या एकासाठी. निवृत्त झाल्यावरही हे बंद पडलं नाही. नितेशची नांदगाव पेठच्या कारखान्यातली नोकरी पक्की होऊ दे, देवानंदची दारू सुटू दे, संध्याच्या सासूला अक्कल येऊ दे. सगळं वहीत लिहिलेलं. काम झालं की नावापुढे बरोबरची खूण.

गेल्या वर्षी मार्चात गजालाचा, त्यांच्या सुनेचा, अमरावतीहून फोन आला. "ताई, अम्मी ऐकूनच नाही राहिल्या. शुगर दोनदा खाली गेली, चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणते, रोजा धरला तर जीवाले धोका हाय. मौलानांनी बी सांगतलं, बिमाराले सूट असते. तुमी या."

गेले. बाई पलंगावर पडलेल्या, ओठ कोरडे, वही उशाशी. मी म्हटलं, "बाई, पाणी प्या."

"मगरीबले पिईन, दिवस बुडल्यावर."

माझं डोकंच फिरलं. "अल्लानं सूट देली न तुमाले? मंग त्याच्याहून शायन्या झाल्या का तुमी? मरायचं हाय का?"

गजाला दारातच थिजली. बाई मात्र हसल्या. "सूट मले हाय व. या नावाले कुठं हाय?" आणि वही माझ्याकडे सरकवली.

रमजानचे शेवटचे दिवस सगळ्यात मोलाचे, असं बाई मानायच्या. उरलेले आठही रोजे त्यांनी एकाच नावावर केले होते. गीतांजली. म्हणजे मी. पुढे एकच शब्द, मूल. मी मागची पानं उलटली. अकरा वर्षं माझं नाव, अकरा वर्षं तोच शब्द, आणि खूण एकदाही नाही.

माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले. मग मी देवाशी बोलणंच टाकलं. घरात दिवासुद्धा सासूबाई लावतात. आणि इथे बाहत्तर वर्षांच्या माझ्या बाई माझ्यासाठी असल्या उन्हाळ्यात तहानलेल्या. मला रडू कोसळलं.

"खोडा माह्यं नाव."

"खोडत नसतो मी. तुनं मांगनं सोडलं म्हनून मले मांगा लागते. तू मांग, मंग मी पेतो पानी."

"मांगतो. उद्यापासून तुमच्या जागी उपास बी मीच धरतो."

"तुहा उपास मंजे साबुदाना आन् चार कप चहा," बाई म्हणाल्या. गजालासुद्धा हसली.

"नाही. तुमच्यासारखा. पान्याचा थेंब नाही."

बाईंनी वर्गात बघायच्या तसं माझ्याकडे नीट बघितलं. मग पेला उचलून गटागटा पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी पाचव्या तासाला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शाळा सुटल्यावर एसटीने अमरावती गाठली आणि बाईंच्या पलंगाजवळ बसले. अजान झाली. गजालाने हातात खजूर ठेवला. बाईंनी मान हलवून खुणावलं, माग. किती वर्षांनी मी हात जोडले. मूल मागायला बसले होते, आणि तोंडून निघालं, "माझ्या बाईंना राहू दे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अव, हे काय मांगतलं? चुकलं! उद्या पुन्हा धर."

पुन्हा धरला. तिसऱ्या दिवशीही धरला. रोज बाई काय मागायचं ते समजावून सांगायच्या, आणि रोज मी तेच चुकायचे. त्या चिडायच्या, मग माझी पाठ थोपटायच्या.

शेवटच्या रोज्याच्या दुपारी बाई गेल्या. दिवस मावळायच्या आत त्यांना नेलंही. घर बायकांनी भरलं होतं, आणि मी रिकाम्या पलंगाजवळ तशीच उपाशी बसून होते. अजान झाली. गजालाने रडत रडत माझ्या हातावर खजूर ठेवला.

त्या संध्याकाळी मी मूल मागितलं.