खांदेमळणीची हळद

आज संध्याकाळी लातूरच्या घरात शिरलो तर तुपात हळद गरम केल्याचा वास आला. पोरीचा पाय मुरगळला होता आणि बायको लेप करत होती. मी दारातच थबकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी असाच वास अर्धापूरजवळच्या आमच्या गावी, गोठ्याबाहेर दरवळत होता. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून आप्पा बैलांचे खांदे हळद-तुपानं मळत होते. जू ओढून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांवरून वडिलांचा हात सावकाश फिरत होता. मी गोव्याच्या फुटबॉल क्लबातून सगळं सामान घेऊनच आलो होतो. गुडघ्यात इंजेक्शनं घेत आणखी काही वर्षं खेळता आलं असतं, पण मलाच ते नको होतं.

"आप्पा, मी फुटबॉल सोडून राहिलो. गुडघा साथ देईना."

आप्पांचा हात थांबला नाही. दुसऱ्या बैलाकडं वळत म्हणाले, "खांदा सुजला की बैलाला जू लावत न्हाईत, बाबा."

वाटीत थोडं हळद-तूप उरलं होतं. त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मान खाली घालून गुडघा चोळू लागले. "आप्पा, तुम्ही माझा पाय नका धरू," म्हटलं, तर ऐकेनात.

माझा दुखरा गुडघा उजवा होता, चांगला टम्म सुजलेला. आप्पा डावा चोळत होते. मी सांगितलं नाही; अंधारात त्यांना दिसलं नसेल, असंच इतकी वर्षं समजत आलो.

आज आठवतंय, तेव्हा दिवस मावळलाही नव्हता; मान खाली घातलेल्या आप्पांचे डोळेच भरून आले असणार.