चेसीचं पुढचं टोक

कुपवाडच्या एमआयडीसीत बिरदेव कोळेकराची शेड शोधायला पाटी लागत नाही. उसाच्या मोडक्या ट्रॉल्या जिथं रांगेनं उभ्या, ती त्याची. बाप जतकडे मेंढरं राखायचा. पोरानं काठी टाकून वेल्डिंग धरलं, त्याला तीस वर्षं झाली. जोड मारला की ग्राइंडरनं तो इतका घासायचा की जोड कुठं आहे ते त्याचं त्यालाही सापडू नये. ट्रॉलीला एवढं नटवायचं कशाला, ऊस काय आरशात बघणार आहे, असं बायको म्हणायची.

साताऱ्याचे नाथाजी सुभेदार आपली जीप घेऊन आले, तेव्हा बिरदेवाची छाती खरंच फुगली. लष्कराच्या लिलावातली, एकाहत्तर सालची जीप. हौसेला मोल नसतं. सुभेदारांनी तिला इंजिन दुसरं बसवलं होतं, बॉडी नवी घडवून घेतली होती. आता पुढचे कमानपाटे दबून बसले होते, ते धरणारे चेसीचे कान गंजून फाटले होते, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे पळायची. महिन्यावर आरटीओत पासिंग होतं. ते झालं नाही, तर गाडी भंगारात. साताऱ्यात सगळ्यांनी हात वर केले होते.

"आवं आबा, नवी घ्या की एखादी," बिरदेव म्हणाला.

"मंडळी गेल्यापासनं घरात माझं ऐकणारी हीच हाय रं," सुभेदार म्हणाले.

अठरा दिवस बिरदेवानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. ट्रॉलीवाले शिव्या घालून गेले. त्यानं पाट्यांचं एकेक पान तापवून त्याला बाक दिला, नवे बुश घातले, धक्के गिळणारे नवे जंपर बसवले. चेसीचं सडकं टोक कापून जाड पत्रा जोडला, नवे कान मारले, आणि सवयीनं सगळं घासून गुळगुळीत केलं. सुभेदार खड्ड्याखड्ड्यातून चक्कर मारून आले ते लाजल्यासारखे हसतच उतरले.

"पाळण्यात बसल्यागत वाटतंय गड्या."

पासिंगच्या दिवशी बिरदेव मुद्दाम साताऱ्याला गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांनी ब्रेक बघितले, स्टेअरिंग बघितलं, मान डोलावली. मग खाली वाकून चेसीवर रॉकेलचा बोळा फिरवला. परत फिरवला.

"चेसी नंबर कुठाय?"

नंबर त्या सडक्या टोकावरच ठोकलेला होता. कापण्याआधी त्याची पेन्सिलनं छाप घ्यायची, फोटो काढायचा, हे मोटारींच्या गॅरेजातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मभर ट्रॉल्या घासणाऱ्याच्या ते डोक्यातच आलं नाही. कापलेला तुकडा भंगारवाल्यानं कधीच नेला होता. एखादा आकडा जरी दिसला असता तर काही अर्ज करता आला असता, असं साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं. इंजिन बदललेलं, बॉडी बदललेली. कागदावरची गाडी ती हीच, हे सांगायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"आबा, चूक माझी हाय," बाहेर आल्यावर बिरदेव म्हणाला. "मला जोड्यानं मारा."

पुढं दोन महिने दोघं कागद घेऊन या दारातून त्या दारात हिंडले, आणि हात हलवत परत आले. शेवटी जीप टेम्पोवर चढून कुपवाडला आली.

"भंगारात घालायचीच तर तूच खोल," सुभेदार म्हणाले. "परक्याचा हात नगं."

जंपर निघाले, पाटे उतरले. कान मात्र निघेनात. कटर लावला तरी डाव्या बाजूलाच तासभर गेला. सुभेदार स्टुलावर बसून बघत होते.

"लय बळकट धरलं व्हतंस," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता, आणि तेच बिरदेवाला सोसलं नाही. त्यानं कटर बंद केला, तिथंच खाली बसला आणि बाप गेला तेव्हा रडला नव्हता तसा रडला. सुभेदारांनी त्याला रडू दिलं.

"ऊठ," मग ते म्हणाले. "उजवा कान ऱ्हायलाय अजून."