डबा वाजला की चालायचं

परवा यांची सुट्टी संपली. दुपारी लोणंदहून रेल्वे होती.

माझा नवरा फौजेत आहे. आमची परी तीन वर्षांची, आणि तिला बाप माहीत होता तो व्हिडिओ कॉलवरचा. सुट्टीवर आले त्या दिवशी यांनी हात पुढे केले, तर ती माझ्यामागे लपली. माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली, "पप्पा ह्यात हायत."

सगळे हसले, हेही हसले. मग मोरीवर तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी दोन्ही मोबाईल उचलून कपाटात टाकले.

बाहेर ऊन मरणाचं. दुसऱ्या दिवशी यांनी गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काखेत धरला, वाजवायला सुरुवात केली आणि माजघरात एकटेच परेड करू लागले. 'तेज चल' म्हणायचं आणि चालायचं... 'थम' म्हणायचं आणि जागच्या जागी पुतळा. एवढा दांडगा माणूस बनियनवर असं करताना बघून मला हसू आवरेना. हे मात्र थांबले नाहीत.

परी दाराआडून बघत होती. मग हळूच बाहेर आली आणि यांच्या मागे चालायला लागली. दोन-चार दिवसांत डबा माझ्याकडे आला, मी तो वाजवला की पुन्हा चालायचं, तिचे पाय बापाच्या पायांवर, आणि 'थम' म्हणायचा मान तिचा. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या सासूबाईसुद्धा थम म्हटलं की थांबायच्या.

परवा यांनी बॅग खांद्याला लावली. दीर बाहेर गाडी चालू करून उभे. यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि मागून परीचा आवाज आला... "पप्पा, थम."

हे थांबले. तसेच, पाठमोरे. वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, हे मला कळत होतं. परीला वाटत होतं खेळच चाललाय.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आगं, वाजीव की डबा. त्येची गाडी जाईल."

मी डबा घेतला आणि वाजवला. हे चालायला लागले.

आजवर बापाचा कॉल संपला की ती मोबाईलला टाटा करायची आणि कार्टून लावून मागायची. या वेळी तिनं त्याला थांबवलं. त्या गंजक्या डब्याचे उपकार मी विसरणार नाही.