जांभळ्या कापडाची गाठ

तेव्हा अंधेरीत भातशेती होती. गावठाणाच्या वाटेवरचा क्रूस एक लुगड्यातली म्हातारी रोज ओल्या फडक्याने पुसायची. नाव कधी कळलं नाही. ईस्टरआधी, येशूच्या मरणाच्या शोकाचं म्हणून, ती क्रूसावर जांभळं कापड बांधायची आणि तो मेलेल्यांतून उठला त्या ईस्टरच्या पहाटे स्वतःच सोडायची.

एका ईस्टरला ऊन वर आलं तरी कापड तसंच. ती पायरीवर बसलेली.

"मावशी, आज सोडायचं ना?" मी विचारलं.

"येशू उठला, बाबा," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात पुरला तो माजा पोरगा नाय उठला."



संध्याकाळी तिथे शेजारीपाजारी मेणबत्त्या लावून प्रभू उठल्याची प्रार्थना म्हणत होते. क्रूस झाकलेलाच होता. गाठ तिची होती, म्हणून कोणी हात लावला नव्हता.