गप बसणारी अक्षरं

बाबांची वाचा गेली तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. आईचा फोन आला. दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर गळून पडलं, तोंड वाकडं झालं, आता वाशीमच्या दवाखान्यात आहोत, असं तिने सांगितलं. मी हातातलं काम संपवलं, बॅग भरली आणि संध्याकाळची गाडी धरली. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांना वाशीमजवळच्या मालेगावला घरी आणलं. मी बिनपगारी रजा घेतली. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. आपण काय म्हणतो ते त्यांना कळायचं, पण बोलायला गेले की नुसता ‘हां हां’ असा आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले होते, पाठ असलेलं काही म्हणवून घ्या, कधीकधी तेवढं शाबूत राहतं. आई रोज त्यांच्यासमोर आरती म्हणायची. पण बाबा धडधाकट असतानाही आरतीला फक्त टाळ्या वाजवायचे.

त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं किन्हीराजा गावच्या शाळेत. मुलांच्या घरात इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून त्यांनी शब्दांच्या याद्या केल्या होत्या. लिहायचं पण बोलायचं नाही असं अक्षर ज्यांच्यात आहे, ते शब्द एकत्र. सुरुवातीला के-एन असलेल्यांची एक यादी, शेवटी एम-बी असलेल्यांची दुसरी, मधे किंवा शेवटी जी-एच असलेल्यांची तिसरी. त्या अक्षरांना ते गप बसणारी अक्षरं म्हणायचे. वर्ग पाढ्यासारखा म्हणायचा, आधी शब्द, मग अर्थ. मीही त्याच वर्गात शिकले. पाचवीत मी के उच्चारून ‘क्नी’ म्हणाले, तेव्हा त्यांनी मला तास संपेपर्यंत उभं केलं होतं. घरी आल्यावर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

एका सकाळी आई सफरचंद कापायला त्यांच्या खाटेजवळ बसली. बाबांनी तिच्या हातातल्या चाकूकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “नाइफ, चाकू. नी, गुडघा. नॉट, गाठ. नॉक, ठोठावणे. नो, माहीत असणे.” थेट वर्गातल्या चालीत, यादी संपेपर्यंत. मग पुन्हा ‘हां हां’.

आईने चाकू ताटलीत ठेवला. “बोलून राह्यले ते,” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, हे बोलणं नाही, हे नुसतं पाठ आहे. तिचा चेहरा उतरला. असं म्हणायला नको होतं हे मला कळलं, पण कळलं तेवढंच.

दोन दिवसांनी त्यांनी तीच यादी सुरू केली आणि ‘नी, गुडघा’पाशी थांबले. आमच्याकडे पाहिलं. पहिल्यापासून म्हणून पुन्हा तिथेच थांबले. मी औषधं लावत होते, माझ्या काही लक्षात आलं नाही. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती उठून तेल घेऊन आली.

“गुडघा दुखून राह्यला त्याइचा,” ती म्हणाली.

तसंच होतं. त्यानंतर ते यादीच्या पायरीपायरीने हव्या त्या शब्दापाशी यायचे आणि तिथे उभे राहायचे. ‘लॅम, कोकरू. कोम, कंगवा’ म्हणून थांबले की आई कंगवा आणायची. पाणी कुठल्याच यादीत नव्हतं, ते आम्हीच विचारायचो. महिन्याभरात तिन्ही याद्या आईला पाठ झाल्या. एकदा तिने मला विचारलं, “नम म्हंजे काय व?” बधिर, मी सांगितलं. बाबा वर्गात म्हणायचे, तरटपट्टीवर फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं. एवढं सांगून मी गोळ्यांचा डबा भरायला लागले. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगी मोठी खंबीर आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी आई बाजारात गेली होती. मी त्यांना दलिया भरवत होते. त्यांनी मान फिरवली आणि जी-एचची यादी सुरू केली. “लाइट, उजेड. नाइट, रात्र. हाय, उंच. एट, आठ.” पुढचा शब्द मला माहीत होता. मी वाटी खाली ठेवली.

“डॉटर, मुलगी,” ते म्हणाले आणि थांबले नाहीत. “नेबर, शेजारी.”

तिथे थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, पुन्हा तिथेच. शेजारचे काका दर रविवारी येऊन त्यांची दाढी करून द्यायचे, त्या दिवशी ते आले नव्हते. मी जाऊन त्यांना बोलावून आणलं. ते दाढी करत होते तोवर मी दारात उभी होते. वाईट वाटतंय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. आई परतल्यावर तिला एवढंच सांगितलं, की आज काका जरा उशिरा आले.

फेब्रुवारीत दुसरा झटका आला आणि याद्याही गेल्या. आई त्यांच्या उशाशी बसून ‘नाइफ’ म्हणायची, वाट बघायची, मग सगळी यादी अर्थासकट एकटीच म्हणायची. तू कशाला म्हणतेस, असं मी तिला एकदा विचारलं.

“त्याइले आयकू तं येते,” ती म्हणाली.

आठवडाभरात ते गेले. वाशीमहून, मंगरूळपीरहून त्यांचे जुने विद्यार्थी आले. त्यांनी मला बाबांबद्दल बरंच काही सांगितलं, मी मान हलवत राहिले. तेरवी झाली. आई म्हणाली, आता तुझं ऑफिस पाह्य. दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर सोडायला आली. खिडकीतून डबा दिला, आणि पोचलीस की फोन कर म्हणाली.

मेहकर मागे पडल्यावर मी डबा उघडला. पोळ्या आणि बेसन होतं. मला भूक लागली होती. मी सगळं संपवलं आणि झोपले.